दाजी, तो फिल्टर शेवटी कापला

दाजी,

परवा तुमच्या अंगणात, तुमच्याच पाटावर बसून मी तो फिल्टर कापायला घेतला. करवतही तुमचीच, तीच लोखंड कापायची, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. बराच वेळ घासली तरी डब्यावर धड ओरखडा उठेना. तेव्हा काशिनाथनं हळूच ती माझ्या हातातून घेतली, मी उलटं बसवलेलं पातं सुलट केलं आणि एक शब्द न बोलता परत दिली. तुमचा ड्रायव्हर तुमच्यापेक्षा सभ्य आहे. तुम्ही असता तर अख्ख्या मखमलाबादला ऐकू गेलं असतं, "बघा फिल्टरशेठ! जन्म गेला फिल्टर विकण्यात, अन् कापता येत नाय!"

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय. लोक भेटायला येतात, ताईपाशी बसतात आणि तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलतात की मला वाटतं, हे चुकून शेजारच्या घरी जायचे ते इथं आले. शांत माणूस म्हणे. कधी कुणाशी वाद नाही म्हणे. मी मान डोलावतो आणि चहा पितो. माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून इतकी वर्षं माझं डोकं खाल्लं ते कुणी मग?

म्हणून लिहायला बसलो. तोंडी बोलायला गेलो तर तुमची बाजू मांडायला कुणी नाही, आणि तुमच्याशिवाय जिंकण्यात मला काही गोडी नाही. हे ताई वाचेल, पुढं कधीतरी पोरं वाचतील, तेव्हा तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही मी सांगणार आहे. मध्येच "पुढं चल, पुढं" म्हणायची तुमची सवय तेवढी आवरा.

तर, वाद एका डब्याचा. ट्रकच्या इंजिनातलं तेल गाळायचा डबा, ऑइल फिल्टर. माझ्या आडगाव नाक्यावरच्या स्पेअरपार्टच्या दुकानात हे डबे दोन जातींचे मिळतात, साधा आणि महागाचा. महागाच्या एका डब्याच्या पैशात साधे तीन-चार येतात. तुम्ही माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, घरची शेती झेंडू आणि भाजीपाल्याची, आणि नव्वदच्या दशकात हौसेनं घेतलेला एक ट्रक. पिंपळगावातून द्राक्षं, कांदा, टोमॅटो भरायचे आणि मुंबईत नेऊन उतरवायचे. मी विकणारा, तुम्ही घेणारे, वर नातं मेव्हण्या-दाजींचं. धंद्यासाठी याहून सोयीचं काय असतं? आणि तरी तुम्ही मला कधी महागाचा डबा विकू दिला नाहीत.

आठवतं, कंपनीचा माणूस टाय लावून आला होता आणि दुकानात लावायला एक तक्ता देऊन गेला होता? त्यावर माणसाचा एक केस दोरखंडाएवढा मोठा करून काढलेला आणि त्याच्या शेजारी एक बारकासा ठिपका. केसापेक्षाही कितीतरी बारीक कचरा हा फिल्टर धरतो, असं दाखवायचं होतं. मी तो तक्ता गणपतीच्या तसबिरीखाली लावला आणि पाठ केलेलं भाषण तुमच्यावर पहिल्यांदा झाडलं. तुम्ही तंबाखू मळत शांतपणे ऐकलंत.

"हा केस कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? कुणाचाही. माणसाचा."

"तुझा नसणार. तुझ्याकडं उरलेत कुठं?"

बाहेर उभे असलेले दोन ड्रायव्हर हसले. माझं भाषण तिथंच बसलं. पण मी चिवट. मी म्हणालो, "दाजी, चेष्टा सोडा. साध्या डब्यातून बारीक कचरा तसाच निघून जातो. तोच तेलातून फिरतो आणि बेअरिंगला घासतो. इंजिनाचं आयुष्य कमी होतं."

"अन् बारीक चाळणी लवकर तुंबती त्याचं काय? तुंबली का डब्यातलं चोरदार उघडतं. सगळं तेल न गाळता इंजिनात. मग तुझा तो केस गेला कुठं?"

"म्हणून तर यात कागद जास्त असतो. घड्या जास्त. तुंबायला वेळ लागतो. तेल जरा उशिरा बदललं तरी चालतं."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. तुम्ही तंबाखू मळायची थांबलात.

"उशिरा? साबण महागाचा घेतला म्हणून माणसानं आंघोळ उशिरा करायची का रे?"

मी तक्ता सरळ करायला वळलो.

तेलाच्या बाबतीत तुम्ही सोवळे होतात. अमावस्येला गाडी उभी ठेवायची तुमची पद्धत, म्हणून तेल बदलायचं ते अमावस्येला. मला दुकान लवकर बंद करून यावंच लागायचं. अंगणात गाडी, खाली घमेलं, काळंभोर तेल त्यात पडतंय, आणि ते सगळं गळून झालं की तुमचा खरा कार्यक्रम सुरू. जुना डबा फेकून द्यायचा नाही. करवतीनं गोल कापायचा, आतला घड्यांचा कागद पेपरवर पसरायचा, आणि त्यात धातूची चमक दिसते का ते चष्मा लावून बघायचं. चमक म्हणजे इंजिनात काहीतरी झिजतंय. ताई याला पोस्टमॉर्टेम म्हणायची. "अंगणात डाग पाडू नका. पेपर टाका. आजचा नको, कालचा घ्या. आजचा मी वाचला नाही अजून." दर वेळी हेच, याच क्रमानं.

पहिल्या वेळी मला तिथं चमक दिसली होती. मी ओरडलोच, "दाजी, गेलं! इंजिन गेलं!" ताई कणीक मळत होती, तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली. तुम्ही वाकून बघितलंत आणि मला म्हणालात, "शेठ, करवतीनं लोखंड कापलं तर भुसा कुठं पडल? कडेलाच ना? कडेची चमक करवतीची. घडीच्या पोटातली चमक इंजिनाची. नीट बघ." आणि एकेक घडी उलगडून दाखवलीत. आत नुसती काजळी. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "दिलीप, माझी कणीक वाळली," आणि आत गेली.

खरं तर तेलाच्या डब्यावर तुमचा राग नव्हताच. तुमचं म्हणणं वेगळंच होतं, आणि ते मला पटायला झेंडू लागला.

आपल्या घरात झेंडूची काटकसर माहीत नाही. खंडेनवमीला गाडी धुवायची, पूजा करायची, आणि बाजारात नेऊन जो उरेल तो सगळा झेंडू गाडीवर. इतर ट्रकला एक हार असतो. आपल्या ट्रकला समोरून काच दिसायची पंचाईत. एका वर्षी पोरांना जोर आला. म्हणजे पोरांना पुढं करून मला आला म्हणा. केबिनच्या मागं तो उभा नळ आहे ना, डोक्यावर जाळीची टोपी असलेला, त्या टोपीलाही आम्ही गुबगुबीत माळ गुंडाळली. फेटा बांधल्यासारखी दिसत होती. सगळ्यांनी कौतुक केलं. ताईनं ओवाळलंही.

दसऱ्यानंतर दोन-चार दिवसांनी तुम्ही पिंपळगावचे टोमॅटो भरून मुंबईला निघालात. मला माल आणायला जायचं होतं, मी शेजारी बसलो. वाडीवऱ्ह्याच्या पुढं चढ लागला आणि गाडीनं मान टाकली. ओढेना. मागं काळा धूर असा, की मागची एसटी दिसेनाशी झाली. एसटीवाला काय म्हणाला ते इथं लिहीत नाही.

मला तर आयती संधी मिळाली. नुकताच तुम्ही साधा डबा लावला होता. घोटी येईपर्यंत मी बोलत होतो. कचरा, बेअरिंग, केस, सगळं. "बघा दाजी, मी सांगत होतो. थोडं जास्त खर्चलं असतं तर आज ही वेळ आली नसती." तुम्ही खालचा गिअर टाकत राहिलात. एका हॉटेलपाशी गाडी बाजूला घेतलीत, पाना काढलात आणि त्या उभ्या नळाच्या खालची वाटी सोडवलीत.

ती वाटी म्हणजे इंजिनाचं नाक. हवा आत जाताना त्या वाटीतल्या तेलावरून जाते, धूळ तेलात बसते आणि चांगली हवा पुढं जाते. मी ती वाटी विकतो, त्यामुळं मला हे सगळं पाठ होतं. वाटीत धूळ नव्हती. झेंडू होता. सुकलेल्या पाकळ्या जाळीतून आत ओढल्या जाऊन तेलात पडल्या होत्या, फोडणीत टाकल्यासारख्या, गच्च. इंजिनाला श्वासच मिळत नव्हता.

तुम्ही ती वाटी दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर आणलीत.

"घ्या शेठ. प्रसाद."

मी हात पुढं केला. काय करणार? आणि मग तुम्ही त्या हॉटेलच्या बाकावर बसून इतके हसलात की मालकानं विचारलं, पाहुणे बरे आहेत ना.

परत गाडीत बसताना मात्र हसू थांबवून म्हणालात, "इंजिनात माती जाती ती नाकातून. तू पोटाला चाळणी लावून काय करतो? आधी नाकाकडं बघ. कांद्याच्या मार्केटात जाऊन उभा राहा, फोलपटं कशी उडत्यात बघ. ती वाटी रोज पुसली ना, तर तुझ्या डब्याला काय काम राहणार नाय."

त्यानंतर दर खंडेनवमीला तुम्ही त्या नळापाशी पहारा दिलात. हार घाला, फुगे लावा, कडुलिंब बांधा, पण त्या टोपीकडं कुणाचा हात गेला की तुमचा आवाज यायचा, "ए! नाक सोडून!" घरातल्या लहान पोरांना तर वाटायचं की हा पूजेतलाच मंत्र आहे.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी बोलून दाखवली नाही. दुकान टाकलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक तुम्ही होतात. घेतलात तो साधा डबा, आणि घासाघीसही केलीत. पण नंतर तुम्हाला नाना म्हणणारे नाक्यावरचे ड्रायव्हर मला सांगायचे, "मखमलाबादच्या नानांनी पाठवलं. म्हणाले, महागाचा घेऊ नका, पण जे घ्याल ते इथूनच घ्या." माझं दुकान चाललं ते असं, दाजी. माझ्या भाषणावर नाही. माझ्या विरुद्ध प्रचार करत करत तुम्ही मला गिऱ्हाईक पाठवत राहिलात. याचे आभार कसे मानायचे ते मला कळलं नाही, म्हणून मी वाद घालत राहिलो. तुम्हालाही तेच सोयीचं असावं.

गेल्या दसऱ्याच्या आधी तुम्ही दुकानात आलात. स्टुलावर बसलात, चहा सांगितलात, आणि वरच्या फळीकडं बोट दाखवलंत.

"तो काढ खाली."

"कोणता?"

"तो. महागाचा. धूळ बसलीय त्याच्यावर. फिल्टरवर धूळ, बरं दिसतं का?"

"कशाला काढू?"

"लावतो."

मी तोवर शिडीवर चढलो होतो, पडलो नाही ते धरायला फळी होती म्हणून. खाली उतरून विचारलं, "दाजी, तब्येत बरी आहे ना?"

"तू लय दिवस मागं लागलाय. माणसानं किती दिवस नाय म्हणायचं?" मग लगेच, जास्त गोड बोलल्यासारखं झालं म्हणून, "एकदाच. पुढच्या तेलाला कापू. तुझ्यासमोर. आत कचरा लय निघाला तर तुझं खरं. तुझ्या चाळणीनं धरला."

"आणि नाही निघाला तर?"

"तर माझं खरं. कचराच नव्हता, मग चाळणी कशाला पाहिजे?"

"वा! नाही निघाला तर माझ्या डब्यानं झीजच होऊ दिली नाही, म्हणून नाही निघाला!"

"असं? मग निघाला तर झीज झाली. म्हणजे तुझा डबा फुकट!"

चहा आला, संपला, दुसरा आला. कचरा निघण्याच्या बाजूनं मी बोलत होतो तर न निघण्याच्या बाजूनं तुम्ही, मग मध्येच कुठंतरी अदलाबदल झाली आणि दोघांच्याही ती लक्षात आली नाही. शेवटी तुम्ही डबा काखोटीला मारून उठलात. "कापल्यावर ठरवू," म्हणालात.

आणि कापायच्या आधी निघून गेलात.

डॉक्टरनं तुम्हाला तपासण्या सांगितल्या होत्या ते मला नंतर कळलं. तुम्ही छातीवर थाप मारून ताईला म्हणालात म्हणे, "आवाज बघ, कुठं खडखडतंय का?" इंजिनाच्या नाकात तुम्ही एक फोलपट जाऊ दिलं नाहीत, आणि स्वतःला मात्र तंबाखू, मिसळीची तर्री, आणि "काय नाय होत." तुमच्यावर रागवायचं आहे मला, पण या अंगणात रागवायला बसलो की समोर तुमचा पाट असतो, आणि मग राग धरवत नाही.

आता तुमच्या मागं काय झालं ते सांगतो. हे तुम्हाला माहीत नाही.

तेराव्यानंतर गाडी पहिल्यांदा बाहेर काढली. ताईनं तुमचा फोटो काचेपाशी ठेवला, घरच्या सगळ्यांनी गाडीला माळा घातल्या, तुमच्याच मळ्यातला झेंडू. काशिनाथ रडत रडत बसला स्टिअरिंगवर. पिंपळगावची द्राक्षं पोचवून आला. पुढची एक-दोन भाडीही केली. पण आला की म्हणायचा, "वहिनी, गाडीला नाना पाहिजेत. ओढत नाय." आम्हाला वाटलं, दुःखानं बोलतोय.

मग पिंपळगावचा एक ट्रान्सपोर्टवाला आला. तुम्ही ओळखता त्याला, माणूस वाईट नाही. गाडी विकणार का विचारायला आलेला. ताई म्हणाली, विकायचा विचार नाही. तो म्हणाला, बघून तरी घेतो. दिंडोरी रोडला एक चक्कर मारून आला तो मागं काळा धूर घेऊनच. उतरला, हात पुसले, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, राग मानू नका. नानांची गाडी म्हणून सांगतो. इंजिन बसलंय. ओढ नाही, धूर टाकतंय. खोलायला गेलात तर खर्चाला तळ नाही. मी आहे तशी उचलतो. दोन दिवसांत सांगा."

तो गेल्यावर ताईनं मला फोन केला. आलो तर ती ओट्यावर बसलेली, पदर खोचलेला. रडत नव्हती. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"दिलीप, खरं सांग. ही गाडी राहिली तर काशिनाथ चालवेल, मी बघेन, घर चालेल. इंजिन गेलं असलं तर मी हट्ट धरत नाही, उद्या देऊन टाकते. पण गेलं नसलं तर ह्यांची गाडी मी कुणाला देत नाही. गेलंय का?"

मी फिल्टर विकणारा माणूस. इंजिन खोलणं माझं काम नाही, आणि खोलायलाच तर पैसे नव्हते. पण एक गोष्ट मला तुम्ही शिकवली होती. इंजिनात काही फुटलं, झिजलं, तर ते तेलातून डब्यात येतं. आणि डबा कापायचा राहिलेलाच होता. महागाचा, केसापेक्षा बारीक धरणारा. मी तो टाळत होतो, दाजी. काशिनाथनं दोनदा आठवण केली, तेलाची वेळ झालीय म्हणून. मी म्हणायचो, बघू. तो कापला की आपला वाद संपणार, आणि तुम्ही नसताना वाद संपवायची मला घाई नव्हती. पण आता प्रश्न वादाचा राहिला नव्हता.

अमावस्येची वाट बघितली नाही, एवढं माफ करा. घमेलं ठेवलं, तेल सोडलं. ताईनं पेपर टाकला. आजचाच टाकला.

करवतीचं सांगितलंच. पातं सुलट झाल्यावर डबा कापला गेला. मी आतला कागद काढून पेपरवर पसरला. चमक. स्वच्छ, उन्हात लुकलुकणारी चमक.

"ताई," मी म्हणालो, "आहे गं. चमक आहे."

ताईनं चष्मा लावला, माझ्या शेजारी उकिडवी बसली.

"कुठं?"

"ही काय."

"ही कडेला आहे. ही तुझ्या करवतीची. घडी उघड."

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"बघतोस काय? एवढी वर्षं मी काय नुसते पेपरच टाकत होते इथं? घडी उघड."

मला उघडता येईना. शेवटी तिनंच कागद ओढून घेतला आणि साडीच्या निऱ्या सोडवतात तशी एकेक घडी सोडवत गेली. काजळी. पुढची घडी, काजळी. काशिनाथनं लोहचुंबक आणून घड्यांच्या पोटातून फिरवलं, कोरडं निघालं. शेवटच्या घडीपर्यंत ती गेली. मग बोटं पेपरला पुसत म्हणाली, "काही नाही. इंजिन चांगलंय."

आणि दाजी, त्याच क्षणी मला तुमचा आवाज आला, "बघ! कचराच नाय. चाळणी कशाला?" आणि मी मनात लगेच, "म्हणजे झीजच होऊ दिली नाही माझ्या डब्यानं!" तिथंच, ताईच्या शेजारी बसून, मी तुमच्याशी भांडत होतो. वाद काही संपला नाही. उगाच घाबरत होतो.

"मग धूर कशाचा?" ताईनं विचारलं.

मी सुरू झालो. पंप असेल, नोझल असेल, डिझेलमध्ये भेसळ असेल. ताई ऐकत नव्हती. ती काशिनाथकडं बघत होती.

"वाटी बघितली का रे?"

काशिनाथनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. मग आम्ही दोघांनीही वर, त्या उभ्या नळाच्या टोपीकडं बघितलं. टोपीला अजून सुकलेल्या माळेचा एक दोरा लटकत होता.

"वाटी नाना बघायचे," काशिनाथ म्हणाला. अगदी लहान आवाजात.

वाटी सोडवली. झेंडू. गच्च. तेराव्यानंतर गाडीला घातलेल्या माळेचा, तुमच्याच मळ्यातला झेंडू तुमच्याच गाडीच्या नाकात. एवढी माणसं जमली होती त्या दिवशी, पण "ए! नाक सोडून!" म्हणायला कुणी नव्हतं. ते एक काम तुमचं होतं.

"घ्या शेठ, प्रसाद" म्हणायलाही कुणी नव्हतं, म्हणून मीच हात पुढं केला. आणि ताई हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता पदर डोळ्यांना लावला, पदर काळा झाला, ते बघून परत हसली. काशिनाथ तर गाडीच्या चाकाला टेकून हसत होता आणि रडत होता, नक्की काय ते त्याला तरी ठाऊक असेल का कोण जाणे.

वाटी डिझेलनं धुतली, ब्रशनं, तुमच्यासारखी. नवं तेल ओतायच्या आधी डबा बसवायचा होता. मी पिशवीत दोन्ही आणले होते, साधाही आणि महागाचाही. दोन्ही ताईसमोर ठेवले. तुम्हाला कल्पना आहे का, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाईकासमोर दोन डबे ठेवून गप्प बसलो?

ताईनं दोन्ही हातात घेऊन बघितले, वांगी घेताना बघते तसे. साधा काशिनाथकडं दिला. "हा लाव."

मी पाना काशिनाथच्या हातात दिला.

काशिनाथनं गाडी म्हसरुळच्या चढावर नेऊन आणली. धूर नाही. आवाज तुमच्या वेळचा. ताईनं तिथल्या तिथं पिंपळगावला फोन लावला. "भाऊ, गाडी द्यायची नाही." पलीकडून तो काहीतरी इंजिनाबद्दल बोलायला लागला. ताई म्हणाली, "झेंडू होता," आणि फोन ठेवला. तो बिचारा अजून विचार करत असेल.

दुकानातलं एक सांगायचं राहिलं. काल एक नवा ट्रकवाला आला. म्हणाला, "शेठ, महागाचा फिल्टर खरंच कामाचा का?" माझं भाषण तयार होतं, तक्ताही मागं होताच. पण तोंडातून निघालं, "एअर क्लिनरची वाटी शेवटची कधी धुतली?" त्याला आठवेना. मी म्हणालो, "आधी ती धू. मग तेल वेळेवर बदल. हे दोन्ही जमत असेल तर साधा चांगल्यातला बास. लांबच्या पल्ल्याला पळतोस, तेलाला उशीर होणारच असेल, तर महागाचा घे, पैसे वाया नाही जायचे. पण वाटी धूत नसशील तर दोन्ही सारखेच." तो काहीच न घेता वाटी धुवायला गेला. माझं हे असं नुकसान तुम्ही जाऊनही चालू आहे.

त्या दिवशी अंगण आवरून मी निघालो, तर उरलेला महागाचा डबा पिशवीत टाकत होतो. ताई पाट भिंतीला लावत होती, ती थांबली.

"तो कुठं नेतोस?"

"दुकानात. तू साधा लावलास ना."

"ठेव इथं. पुढच्या तेलाला तो लावायचा. एकदा हा, एकदा तो. आणि माझ्याशिवाय कापायचा नाही."

"बरं. पण ताई, समजा त्यात कचरा निघाला, तर खरं कुणाचं? माझं की दाजींचं?"

तिनं डबा माझ्या हातातून घेतला, पदरानं वरची धूळ पुसली आणि तुमच्या करवतीशेजारी फळीवर ठेवला.

"कापल्यावर ठरवू," म्हणाली.